न धरलेली दाढ

दवाखान्यात खुर्च्या दोन होत्या आणि मध्ये एक लाकडी आडोसा. आडोशाच्या अलीकडे-पलीकडे एकाच घरातली दोन माणसं दिवसभर लोकांचे दात कोरत बसायची. खिडकीकडच्या खुर्चीवर वहिनी, दाराकडच्या खुर्चीवर त्यांचे धाकटे दीर. दीर वहिनी म्हणायचे म्हणून मदतनीस बाई वहिनी म्हणू लागली, आणि तिचं ऐकून पेशंटही "वहिनी डॉक्टर आहेत का?" असं विचारत यायला लागले. वहिनींच्या नवऱ्याची नोकरी पुलांच्या तपासणीची. तो घरी कमी आणि पुलांखाली जास्त. दवाखाना सासऱ्यांनी उभा केलेला. हात थरथरायला लागले तसे ते खुर्चीवरून उठले आणि बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसू लागले. जुने पेशंट आधी त्यांच्याशी गप्पा मारायचे, मग आत येऊन दात दाखवायचे.

वहिनी रूट कॅनल हातानं करायच्या. दाढेच्या मुळातली किडलेली नस काढली की मागे राहते एक पोकळ वाट, केसाएवढी बारीक आणि बऱ्याचदा वाकडी. ती आतून घासायची, जराशी रुंद करायची, स्वच्छ करून बंद करायची. घासायचं हत्यार म्हणजे फाईल : अंगाला पीळ असलेली सुईच म्हणा ना. वहिनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून थोडी पुढे, थोडी मागे फिरवायच्या, बाहेर काढून पुसायच्या, पुन्हा आत. वळण कुठे आहे ते त्यांच्या बोटांना कळायचं. पण वेळ फार लागायचा. पेशंटचा जबडा भरून यायचा आणि संध्याकाळी वहिनींचा अंगठा ठणकायचा.

भावजींनी मोटर आणली. तिच्या तोंडाला लवचिक धातूची फाईल बसवायची, बटण दाबलं की ती एका लयीत फिरते. जे काम वहिनींना दोन बैठकांत व्हायचं ते भावजी एका बैठकीत उरकून पेशंटला घरी पाठवायचे. वहिनींना मोटरचा राग नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळ्यांनी नेमकं उलटं सांगितलं.

दंतवैद्यांच्या संघटनेनं भावजींना भाषणाला बोलावलं. विषय होता, हात की मोटर. भावजी वहिनींना म्हणाले, "नुसतं तोंडानं बोलण्यात अर्थ नाही. आपण खरीखुरी तुलना करू. काढून टाकलेल्या दाढा जमवतो. अर्ध्या तुम्ही हातानं करा, अर्ध्या मी मोटरनं करतो. तुमच्याइतका हात कुणाचा नाही, म्हणजे कुणी म्हणायला नको की कच्चा गडी समोर घेतला."

वहिनींना हे आवडलं. दुपारी पेशंट नसले की दोघं कामाला बसायचे. मुद्दाम वाकड्या मुळांच्या दाढा निवडल्या, कारण सरळ मुळात कुणीही पास होतो. आधी एक्स-रे, नंतर एक्स-रे, मग मूळ उभं चिरून भिंगाखाली. वहिनींनी भिंगातून पाहिलं आणि मान्य केलं. मोटर वाटेच्या मधोमध राहत होती. हाताची फाईल वळणावर कधीकधी बाहेरच्या भिंतीला जास्त घासत होती. एका दाढेत तर वहिनींच्या हातून मुळाला बाजूनं भोकच पडलं होतं. ते भावजींच्या नजरेतून सुटलं होतं, वहिनींनीच दाखवलं.

"हे हिशेबात धरायला हवं," त्या म्हणाल्या.

"अर्थातच," भावजी म्हणाले, आणि त्यांनी ते धरलं.

मग एके दिवशी आडोशापलीकडून टक् असा बारीक आवाज आला. भावजींच्या फाईलचं टोक एका वाकड्या मुळात तुटून अडकलं होतं. भावजींनी दाढ दिव्यासमोर धरली, तोंड वाकडं केलं आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"ही कुठे टाकता?" वहिनींनी विचारलं.

"ही धरायची नाही. मूळच वेडंवाकडं होतं."

"भावजी, वेडीवाकडी मुळंच निवडली होती ना आपण?"

"तुम्ही पण ना वहिनी," असं म्हणून ते हसले, आणि तेवढ्यात बाहेर पेशंट आला. भाषण लिहून झालं की बोलू, असं वहिनींनी मनाशी ठरवलं.

भाषण जवळ आलं आणि एका सकाळी शिट्टीवाल्या बाई आल्या. या बाई तलावावर पोहायला शिकवायच्या. दिवसभर शिट्टी दाढेखाली धरून त्यांची एक खालची दाढ कामातून गेली होती, असं त्यांचं स्वतःचं निदान. ठणका असह्य झाला तेव्हा पहिल्यांदा वहिनींनी ती दाढ उघडली होती, नस काढली होती, बारीक हातफाईलनं वाट मोकळी केली होती आणि तात्पुरतं सिमेंट भरलं होतं. पुढे आपल्या मुलीच्या आजारपणात वहिनी सुट्टीवर होत्या, तेव्हा उरलेलं काम भावजींनी मोटरनं पूर्ण करून वर टोपी बसवली. आता काही महिन्यांनी दाढ पुन्हा बोलू लागली होती.

बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या दाढेत तुमची सुई तुटून राहिली आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही."

वहिनींना क्षणभर कळेना. "कोणती सुई?"

"ते मला काय माहीत? काल मी तुमच्या दिरांना दाखवलं. त्यांनी फोटो काढला, टोक दाखवलं. म्हणाले, वहिनींनी पहिल्यांदा हातानं केलं होतं ना, तेव्हाच राहिलं असणार, हाताच्या कामात असं होतं, म्हणून तर मी मोटर वापरतो. तुटलं त्याचं मला एवढं वाटत नाही. पण तुम्ही माझ्या गालावर हात ठेवून म्हणालात, आता काळजी नाही. ते मला लागलं."

वहिनींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला फोटो बघू द्या. माझं असेल तर माझं म्हणून सांगेन."

आणि बघताना पहिला विचार त्यांच्या मनात तोच आला, की असेलही आपलं. घाई होती त्या दिवशी, बाई कळवळत होत्या. त्यांनी कालचा एक्स-रे लावला. वळण सुरू होतं तिथे, भरलेल्या मसाल्याच्या खाली, एक ठसठशीत पांढरी रेघ होती, वाटेबरोबर वाकलेली. मग त्यांनी आपल्या बैठकीनंतरचा एक्स-रे लावला. काम संपवून उठताना एक फोटो काढायची त्यांची सवय होती. त्यात ती वाट शेवटपर्यंत मोकळी होती. आणि मग टोपी बसवायच्या आधीचा, भावजींनी काढलेला. त्यात रेघ होती. म्हणजे भावजींनी ती पाहिली होती, तिच्यावर मसाला भरला होता, टोपी चढवली होती आणि तोंड पुसून मोकळे झाले होते.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर पेशंट होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, हे माझ्या हातून झालेलं नाही. पण मी एकटीनं सांगायचं ते नाही. तुम्ही उद्या या. आम्ही दोघं समोर असू."

दुपारी आडोशापलीकडे जाऊन त्यांनी तिन्ही फोटो भावजींसमोर ठेवले. भावजींनी ते फारसे पाहिलेही नाहीत.

"वहिनी, फाईल कुणाच्याही हातून तुटते."

"तुटते. मी तुटण्याबद्दल बोलायला आलेच नाही."

"पुढच्या आठवड्यात भाषण आहे. मोटरचं कौतुक करायला उभा राहणार आणि इकडे ही बाई तलावावर सगळ्यांना सांगत फिरणार? तिचा आवाज ऐकलाय ना?"

"म्हणून माझं नाव सांगितलंत."

"तुमचं नाव कुठे? मी हाताचं नाव सांगितलं."

"आणि तो हात कुणाचा?"

भावजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं बघा, तुमचं नाव एवढं मोठं आहे की एका दाढेनं काही जात नाही. लोक म्हणतील, जुनी पद्धत, होतं असं. मोटरचं नाव गेलं तर दवाखान्याचं जाईल. मी दवाखान्याचाच विचार केला."

स्वतः शेण खायचं आणि वर ते घराण्याच्या भल्यासाठी खाल्लं म्हणायचं, ही तऱ्हा वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. "उद्या बाई येतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगेन." आणि त्या आपल्या खुर्चीकडे गेल्या.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सासऱ्यांच्या कानावर गेली होती. वहिनींना वाटत होतं, निदान बाबा तरी पेटून उठतील. आयुष्यभर हातानं काम केलेला माणूस. हातावर आळ आलेला त्यांना कसा खपेल? बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चुकलं त्याचं. मी बोलेन त्याला. पण पेशंटसमोर नको गं. घरातलं घरात राहू दे. तू मोठी आहेस, पोटात घाल."

"बाबा, लग्न होऊन आले तेव्हापासून पोटात घालतेय. आता तिथे जागा नाही."

"अगं, पण झाकली मूठ—"

"मूठ माझी नाही. आणि ती दाढ तर त्या बाईंची आहे. ती कुणाच्या घरातली?"

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पेपर उलगडला. वहिनींना भावजींपेक्षा त्या पेपरचा जास्त संताप आला.

रात्री नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "जाऊ दे ना." वहिनींनी विचारलं, "तुझ्या हाताखालच्या माणसानं पुलाला गेलेला तडा रंगानं झाकला आणि तुझं नाव सांगितलं, तर जाऊ देशील?" मग तो म्हणाला, "नाही. तू म्हणतेस ते कर."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भावजी आडोशाला टेकून उभे राहिले आणि सुरू झाले. धातूचा थकवा, मुळाची रचना, टोकावर येणारा ताण. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी वहिनींनी फोटो दिव्यावर लावले आणि बोट ठेवून सांगितलं, "हा माझा, यात काही नाही. हा यांचा, यात आहे. टोक मोटरच्या फाईलचं आहे. तुटणं हा गुन्हा नाही, हातानंही तुटतं. न सांगणं चुकलं. आणि परवा जे सांगितलं ते खोटं होतं."

भावजी खिडकीबाहेर बघत होते.

वहिनींना वाटलं होतं, बाईंचा चेहरा निवळेल. तसं काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "परवा हे म्हणाले तुमचं, आज तुम्ही म्हणता यांचं. दोघं एकाच घरात जेवता. मी विश्वास ठेवायचा कुणावर?"

हे वहिनींना फार झोंबलं. खोटं एकानं बोलायचं आणि डाग दोघांना लागायचा. पण बाईंचं चुकत होतं असंही म्हणता येईना. त्या म्हणाल्या, "माझ्यावर ठेवूच नका. हे फोटो घ्या, दुसऱ्या कुणालाही दाखवा. मग ठरवा."

बाई फोटो घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी परत आल्या आणि खुर्चीवर बसत म्हणाल्या, "दाखवले. काढा तुम्हीच. आणि यांनाही इथेच उभं करा."

टोक निघायला दोन बैठका लागल्या. वहिनींनी भावजींचंच कंपनावर चालणारं बारीक यंत्र वापरलं, कारण तिथे नुसत्या बोटांचं काम नव्हतं. मसाला काढला, टोकाच्या बाजूनं केसाएवढी हातफाईल सरकवली, पुन्हा कंपन. भावजी पाण्याची पिचकारी धरून उभे होते. टोक सैल झालं आणि उडून कापसावर पडलं. दाढेत वाकून बसलेलं ते, बाहेर येताच पुन्हा सरळ झालं होतं. मोटरच्या लवचिक फाईलचा तो गुणच. हातफाईलचं पोलाद असतं तर वाकलेलंच राहिलं असतं. भावजींनी ते पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. पुढची वाट वहिनींनी आधी हातानं चाचपली आणि मग मोटरनं घासली, कारण मोटर ते जास्त चांगलं करते.

बाई गेल्यावर भावजींनी हातमोजे काढले आणि मोकळेपणानं म्हणाले, "वा वहिनी. झकास काढलंत. हे आपण भाषणात दाखवू. तुटलेलं टोक काढण्याची आमच्या दवाखान्याची हातोटी."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. राग कशाचा करायचा हेही त्यांना क्षणभर सुचेना. "दाखवा," त्या म्हणाल्या. "तुटलं कुणाकडून आणि नाव कुणाचं घेतलं, तेही दाखवा."

भावजींनी ते दाखवलं नाही. सभेत वहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. बाबा पुढे, पाहुण्यांत. घरून निघताना ते वहिनींना म्हणाले होते, "तिथे तरी काही बोलू नकोस." भावजी छान बोलले. पडद्यावर तक्ता आला. वेळ : मोटर सरस. वाटेचा मध्य : मोटर सरस. मुळाला भोक : हात, एक दाढ. फाईल तुटणे : हात, एकही नाही. मोटर, एकही नाही.

टाळ्या झाल्या. प्रश्नांच्या वेळी वहिनी उभ्या राहिल्या.

"यातलं हाताचं काम मी केलं आहे. मोटर वेगवान आहे आणि वाटेच्या मधोमध राहते, हे मी स्वतः पाहिलं. खरं आहे ते. मुळाला भोक पडलं तेही माझ्याच हातून. ते तुम्ही धरलंत, बरोबर केलंत. पण ज्या दाढेत मोटरची फाईल तुटली, ती कुठे आहे?"

भावजी हसले. "वहिनी, त्या दाढेचं मूळ फार वाकडं होतं. ती तुलनेत बसत नव्हती."

"माझं भोक पडलं त्या दाढेचं मूळ सरळ होतं का?"

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "घरचं भांडण घरी मिटवा," आणि चार माणसं हसली. वहिनी बसल्या नाहीत. "भांडण घरचं असेल," त्या म्हणाल्या, "पण हा तक्ता बघून उद्या तुम्ही सगळे तुमच्या पेशंटला सांगणार आहात की मोटरची फाईल तुटत नाही. मग तुटली की काय सांगाल? हात कुणाचा दाखवाल?"

अध्यक्षांनी घसा साफ केला, चर्चा उद्बोधक झाली असं म्हटलं आणि चहाची घोषणा केली.

चहाच्या टेबलापाशी दोघं-तिघं डॉक्टर वहिनींजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बरोबर बोललात तुम्ही. आमच्याकडेही तुटतात."

"मग आत का बोलला नाहीत?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी कपात पाहिलं. वहिनींनी आपला कप तसाच ठेवला आणि बाहेर आल्या. पायऱ्यांवर बाबा उभे होते. ते म्हणाले, "मला त्या वगळलेल्या दाढेचं माहीत नव्हतं. त्यानं मला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं असतं तर?"

बाबांनी विचार केला. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "तर मी तुला गप्प बसायला सांगितलं असतं," ते म्हणाले. वहिनींना त्या दिवसातलं हे एकच वाक्य सरळ वाटलं. पण त्यानं राग काही कमी झाला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींनी औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. खुर्ची नेली, एक्स-रेचं यंत्र नवं घेतलं आणि एक मोटरही घेतली. भावजी भेटायला आले. सगळं फिरून पाहिलं, मोटरपाशी थांबले आणि म्हणाले, "शेवटी मोटरच घेतलीत ना?" जणू एवढ्या सगळ्यात हरलं-जिंकलं ते इतकंच होतं. माफी त्यांनी मागितली नाही. वहिनींनीही चहा विचारला नाही.

नातेवाइकांत मात्र गोष्ट ठरून गेली. वहिनी जुन्या वळणाच्या. मोटरशी त्यांचं जमेना. धाकट्याचं नाव व्हायला लागलं ते बघवेना, म्हणून वेगळ्या झाल्या. नणंदेनं फोनवर तर मायेनं सांगितलं, "वहिनी, अगं, काळाबरोबर बदलायला हवं." वहिनींनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, फोटोंसकट. नणंद ऐकून घेऊन म्हणाली, "हो गं, पण मोटर चांगलीच असते ना?"

"चांगलीच असते," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून हात धुवायला गेल्या. बाहेरच्या खोलीत एक नवा पेशंट जबडा धरून बसला होता. दारातूनच त्यानं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही हातानं करता की मशीननं? मला कुणीतरी सांगितलं, तुम्हाला मशीन चालत नाही."

वहिनींनी टॉवेल खुंटीला अडकवला. "कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं, आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या.